तपासणी जवळपास सारखी, मरण दुप्पट: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

२०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अॅना बीव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जुना भागाकार नव्याने केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दर वर्षी एक लाखामागे किती बायका दगावतात, हा तो भागाकार. तोवरचे आकडे होते कृष्णवर्णीय बायकांमध्ये ५.७ आणि गोऱ्या बायकांमध्ये ३.२. नव्या हिशेबात ते अनुक्रमे १०.१ आणि ४.७ झाले. या दोन हिशेबांच्या मध्ये एकही मृत्यू वाढला नव्हता. काळ तोच, मृत्यूचे दाखले तेच. बदलला होता फक्त खालचा छेद.

जुन्या हिशेबात छेदात सगळ्या प्रौढ बायका धरलेल्या होत्या. आता ज्या बाईची पिशवी मुखासकट काढून टाकलेली आहे, तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग होणार कुठे? तो अवयवच उरलेला नाही. तिला मोजणीत धरणं म्हणजे शाळेने दहावीच्या नापासांची टक्केवारी काढताना परीक्षेला न बसलेली मुलंही एकूण संख्येत घालणं. टक्केवारी छान दिसते आणि खोटी असते. बीव्हिस यांनी पिशवी काढलेल्या बायका छेदातून वगळल्या. तेव्हा दोन्ही गटांचे दर वर गेले, पण कृष्णवर्णीय बायकांचा जास्त वर गेला, कारण त्यांच्यात पिशवी काढण्याचं प्रमाण जास्त आहे. आधी त्यांचा मृत्युदर गोऱ्या बायकांच्या पावणेदोन पट दिसत होता, तो दुपटीच्या पुढे गेला. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायकांत तर चित्र आणखी वाईट निघालं. या आजाराचा धोका उतारवयात कमी होतो, असा जो समज होता, तो बऱ्याच अंशी याच चुकीच्या छेदामुळे झालेला होता. अमेरिकेत नियमित तपासणी ६५ व्या वर्षी थांबवली जाते, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

पिशवी जास्त का काढली जाते? सरळ वैद्यकीय कारण फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयात होणाऱ्या, कर्करोग नसलेल्या गाठी. कृष्णवर्णीय बायकांमध्ये त्या जास्त आणि कमी वयात होतात. पण दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये या शस्त्रक्रियेला दुसराही इतिहास आहे. नागरी हक्क चळवळीतल्या फॅनी लू हेमर १९६१ मध्ये मिसिसिपीतल्या एका रुग्णालयात गाठ काढून घ्यायला गेल्या आणि त्यांना न विचारता त्यांची पिशवीच काढली गेली. हा प्रकार गरीब कृष्णवर्णीय बायकांच्या बाबतीत इतका सर्रास होता की त्याला ‘मिसिसिपी अपेंडेक्टमी’ (अपेंडेक्टमी म्हणजे अपेंडिक्स काढणं) असं कडवट नाव पडलं.

हे वाचताना बीड आठवल्याशिवाय राहत नाही. २०१९ मध्ये तिथल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेल्याचं अनेकींनी सांगितलं होतं. उद्या कोणी बीड जिल्ह्याचा या कर्करोगाचा दर काढायला बसला, तर त्यालाही आधी छेद तपासावा लागेल.

आता आजाराकडे वळू. हा कर्करोग होतो तो मुख्यतः एचपीव्हीमुळे. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) हा विषाणूंचा एक मोठा गोतावळा आहे. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार माहीत आहेत आणि त्यांतले साधारण चौदा कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचे मानले जातात. १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून गर्भाशयमुखाच्या जवळपास ७० टक्के कर्करोगांना जबाबदार आहेत. शरीरसंबंधातून हा विषाणू इतक्या सहज पसरतो की बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. कळतही नाही, कारण बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच निपटून काढतं. धोका असतो तो न जाणाऱ्या संसर्गाचा. विषाणूची दोन प्रथिनं पेशीची वाढ आवरून धरणारी यंत्रणा निकामी करतात, पेशी हळूहळू बिघडत जातात आणि त्यातून कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. कर्करोगांच्या दुनियेत इतकी मोठी सवड क्वचितच मिळते. त्या काळात कधीही बिघडलेला भाग सापडला, तर तो बाह्यरुग्ण विभागात काढून टाकता येतो आणि बाई संध्याकाळी घरी जाते. म्हणूनच या आजाराने होणारा प्रत्येक मृत्यू मला व्यवस्थेच्या प्रगतिपुस्तकावरचा लाल शेरा वाटतो. रोगाशी झुंज हरली असं म्हणायला इथे फारशी जागा नाही.

१९५१ मध्ये मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची कृष्णवर्णीय बाई अंगावरून रक्त जातंय म्हणून आली. गर्भाशयमुखावर गाठ होती. रेडियम आत ठेवून तिच्यावर उपचार झाले आणि तिला न विचारता गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला गेला. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी ती गेली. तिच्या पेशी मात्र ‘हेला’ नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८० च्या दशकात एचपीव्ही १६ आणि १८ शोधून काढले, तेव्हा याच हेला पेशींमध्ये १८ नंबरचा विषाणू सापडला. त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. म्हणजे या कर्करोगाचं कारण शोधण्याच्या कामी जिच्या पेशी आल्या, ती स्वतः त्याच कर्करोगाने गेलेली एक कृष्णवर्णीय बाई होती.

मग कृष्णवर्णीय बायकांना हा संसर्गच जास्त होतो का? होतो. अमेरिकी सरकारच्या २०१३-१४ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १८ ते ५९ वयाच्या स्त्री-पुरुषांपैकी सुमारे ४२ टक्के लोकांच्या जननेंद्रियांवर कुठला ना कुठला एचपीव्ही आढळला. कृष्णवर्णीयांमध्ये हेच प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास होतं. साउथ कॅरोलिनात कॉलेजात शिकणाऱ्या मुलींचे नमुने पुन्हा पुन्हा घेऊन केलेल्या एका अभ्यासात, कृष्णवर्णीय मुलींमध्ये संसर्ग जास्त काळ टिकून राहतो असंही दिसलं.

इथे बरेच लोक दोन चुकीच्या वाटा धरतात. पहिली चारित्र्याची. तिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही, तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत माणसं राहतात, शिकतात, लग्नं करतात ती बऱ्याच अंशी आपापल्या वंशाच्या वर्तुळात. ज्या वर्तुळात संसर्ग आधीच जास्त आहे, तिथे आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या बाईचा धोकाही जास्त असतो. तिच्या वागण्याचा त्याच्याशी संबंध नसतो. दुसरी वाट रक्ताची, म्हणजे ‘त्यांच्या अंगातच काहीतरी वेगळं आहे’ ही. शरीरात काही फरक असू शकतात. योनीमार्गातल्या जिवाणूंची ठेवण, दीर्घकाळचा ताण, धूम्रपान या सगळ्यांचा विषाणू टिकून राहण्याशी संबंध जोडला गेला आहे. पण यातलं बहुतेक माणसाच्या राहणीशी आणि परिस्थितीशी बांधलेलं आहे. कातडीच्या रंगाबरोबर जन्माला येणारं असं त्यात फार थोडं आहे.

रक्ताच्या वाटेवर जाणाऱ्यांसाठी व्हिएतनामी बायकांचं उदाहरण पुरेसं आहे. १९८८ ते १९९२ या काळात अमेरिकेत सगळ्यात जास्त गर्भाशयमुखाचा कर्करोग कोणत्या गटात होता? व्हिएतनामहून आलेल्या बायकांमध्ये. लाखामागे ४३, म्हणजे गोऱ्या बायकांच्या जवळपास पाचपट. या बायकांपैकी बऱ्याच जणींची उभ्या जन्मात एकदाही पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन त्यांत बिघाड आहे का ते बघणं, झालेली नव्हती. मग कॅलिफोर्नियात व्हिएतनामी भाषेत माहिती द्यायला सुरुवात झाली, त्यांच्याच वस्तीतल्या बायका कार्यकर्त्या म्हणून घरोघरी जाऊ लागल्या, तपासण्या वाढल्या आणि हा दर झपाट्याने खाली आला. तेवढ्या वर्षांत कोणाची गुणसूत्रं बदलत नाहीत. अमेरिकेच्या आकडेवारीत ‘आशियाई’ असा एकच रकाना असला की हे सगळं त्यात गडप होतं, हाही एक धडा. त्याच रकान्यात आपल्याकडून तिकडे गेलेल्या बायकाही बसतात. आशियाई गटात तपासणीचं प्रमाण इतरांपेक्षा कमीच राहिलेलं आहे, हे न्यू जर्सी नि बे एरियातल्या मराठी मंडळींनी ध्यानात घेतलेलं बरं.

लॅटिन अमेरिकी मुळाच्या बायकांमध्ये हा कर्करोग गोऱ्या बायकांपेक्षा जास्त होतो. विमा नसणं आणि भाषेची अडचण ही तिथली मोठी कारणं. मूळनिवासी अमेरिकन बायकांमध्ये आजारही जास्त आणि मृत्यूही जास्त. त्यांच्यासाठीची सरकारी आरोग्यसेवा कायम पैशांच्या चणचणीत. या दोन्ही गटांवर स्वतंत्र लेख लिहिता येईल. कृष्णवर्णीय बायकांचं कोडं मात्र वेगळं आहे.

ते कोडं असं. कृष्णवर्णीय बायका तपासणी टाळतात म्हणून मरतात, असं समजणं सोपं गेलं असतं. पण पाहण्यांमध्ये ‘गेल्या तीन वर्षांत पॅप झाली का?’ असं विचारलं की त्यांचं उत्तर गोऱ्या बायकांइतकंच किंवा थोडं जास्तच ‘हो’ येतं. लसीचंही तसंच. अलीकडच्या वर्षांत कृष्णवर्णीय किशोरवयीन मुलामुलींमध्ये एचपीव्हीची लस सुरू होण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या बरोबरीने किंवा पुढे आहे, कारण गरीब मुलांना ती सरकारी योजनेतून फुकट मिळते. मग गळती होते कुठे?

रिपोर्ट आल्यानंतर.

पॅप तपासणी हा उपचार नाही. ती फक्त ‘इथे काहीतरी गडबड दिसते’ एवढंच सांगते. पुढचं सगळं त्यानंतर सुरू होतं. समजा, अलाबामा राज्याच्या ग्रामीण पट्ट्यात राहणारी, ताशी पगारावर काम करणारी एक बाई आहे. काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आरोग्य केंद्रात तिची पॅप झाली आणि काही आठवड्यांनी पत्र आलं: निकाल सामान्य नाही, पुढची तपासणी करावी. पत्राची भाषा डॉक्टरी. तिने फोन केला तर कळलं की पुढची तपासणी म्हणजे कोल्पोस्कोपी, आणि ती इथे होत नाही. भिंगातून गर्भाशयमुख बघून संशयित जागेचा तुकडा काढायचा असतो, त्याला स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो. राज्यातल्या अनेक काउंट्यांत एकही स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. म्हणजे दुसऱ्या गावी जायचं. बस नाही, गाडी कोणाची तरी मागायची, एक दिवसाचा पगार बुडवायचा. तपासणी झाली आणि आठ-दहा दिवसांनी सांगितलं की बिघडलेला भाग काढावा लागेल, पुन्हा या. पुन्हा गाडी, पुन्हा खाडा. त्यात तिला दुखत काहीच नसतं. ज्या आजाराचं एकही लक्षण जाणवत नाही, त्यासाठी उसनवारी करून तीनदा तालुक्याला खेपा कोण मारतं? आपल्याकडे तरी कोण मारतं?

आणि पैसे. अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड नावाचा सरकारी विमा आहे, पण त्यात कोण बसतं ते राज्य ठरवतं. २०१० च्या आरोग्य कायद्याने सगळ्या राज्यांनी गरीब प्रौढांना त्यात घ्यावं असं म्हटलं होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ऐच्छिक ठरवलं. अलाबामा, मिसिसिपी, टेक्सास अशा दक्षिणेतल्या राज्यांनी तो विस्तार केलाच नाही, आणि कृष्णवर्णीय लोकसंख्या मोठ्या प्रमाणात आहे ती याच दक्षिणेत. गरीब, विमा नसलेल्या बायकांना फुकट पॅप मिळावी म्हणून १९९० च्या दशकापासून केंद्राची एक योजना आहे, आणि त्या योजनेतून कर्करोग सापडला तर उपचारांसाठी मेडिकेड मिळण्याची सोय २००० च्या कायद्याने झाली. सोय चांगली आहे, पण तिचं दार त्या योजनेतून आत आलेल्या बाईलाच उघडतं, आणि ही योजना पात्र बायकांपैकी थोड्याच जणींपर्यंत पोहोचते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१८ मध्ये अलाबामाबद्दल एक अहवाल काढला. त्यात तिथल्या कृष्णवर्णीय बायका या कर्करोगाने गोऱ्या बायकांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात मरतात असं नोंदवून जी कारणं सांगितली, ती हीच: अंतर, विमा, डॉक्टरांचा तुटवडा आणि अर्धवट माहिती.

या गळतीचा परिणाम टप्प्यावर दिसतो. कर्करोग गर्भाशयमुखापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनंतर दहापैकी नऊहून जास्त बायका जिवंत असतात. दूरच्या अवयवांपर्यंत पसरल्यावर सापडला तर दहापैकी साधारण दोन. कृष्णवर्णीय बायकांमध्ये तो पुढच्या टप्प्यावर सापडण्याचं प्रमाण जास्त आहे.

गोष्ट इथे थांबली असती तरी ‘उशीर झाला हो’ म्हणून सोडून देता आली असती. पण एकाच टप्प्यावर सापडलेल्या दोन बायकांना मिळणारे उपचारही सारखे नसतात. गाठ मोठी असेल तर ठरलेला उपचार म्हणजे बाहेरून रेडिएशन, सोबत सिस्प्लॅटिनची केमोथेरपी, आणि शेवटी ब्रॅकिथेरपी, म्हणजे योनीमार्गातून नळी घालून किरणोत्सर्गी पदार्थ थेट गाठीपाशी नेणं. ही ब्रॅकिथेरपी वगळली तर जगण्याची शक्यता स्पष्टपणे घटते. ती करायला सराव झालेला डॉक्टर, भूल, वेगळी खोली, आणि बाईने काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा येणं लागतं. अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांत कृष्णवर्णीय बायकांना ती कमी वेळा मिळाल्याचं आढळलंय. हेन्रिएटा लॅक्सला १९५१ मध्ये, कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या वॉर्डात का होईना, रेडियम ठेवून दिलेला उपचार याच पद्धतीचा जुना अवतार होता.

मग सारखे उपचार दिले तर काय होतं? याचं उत्तर २००१ पासून छापलेलं आहे. अमेरिकी लष्कराच्या आरोग्यसेवेत सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना एकाच प्रकारची सेवा मिळते, विम्याचा प्रश्न येत नाही. तिथे उपचार घेतलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा कृष्णवर्णीय आणि गोऱ्या बायकांच्या जगण्यात फरक आढळला नाही. माझ्या मते या सगळ्या विषयात हा एकच अभ्यास वाचला तरी चालेल.

या चर्चेत अविश्वासाचा मुद्दा नेहमी येतो आणि त्याला आधारही आहे. योनीमार्ग उघडून बघायचं जे उपकरण आपल्याकडचे डॉक्टरही ‘सिम्स स्पेक्युलम’ म्हणून वापरतात, ते जे. मॅरियन सिम्स यांच्या नावाचं. या सिम्सनी १८४५ ते १८४९ च्या दरम्यान अलाबामातल्या माँटगोमेरीत गुलाम बायकांवर भूल न देता शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. त्यांतल्या तिघींची नावं तेवढी उरली आहेत: अॅनार्का, लूसी, बेट्सी. अॅनार्कावर तर अशा तीसेक शस्त्रक्रिया झाल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्स यांचा पुतळा २०१८ मध्ये हलवला गेला. त्याच अलाबामातल्या मेकन काउंटीत, टस्कीगी इथे, सरकारी आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस औषध न देता नुसता बघत बसण्याचा अभ्यास केला. अशा मातीत डॉक्टरवर विश्वास ठेवणं अवघडच. तरी मला वाटतं, हा मुद्दा हल्ली जरा फारच पुढे केला जातो. ‘त्यांचा आपल्यावर विश्वास नाही’ म्हटलं की काम संपतं. दवाखाना उघडावा लागत नाही. ज्या बायका स्वतःहून पॅपला येतात, त्यांचा अविश्वास असला तरी तो त्यांना दारातून परत पाठवण्याइतका नक्कीच नाही. त्या अडतात ते पुढचं दार बंद असतं म्हणून.

विज्ञानाच्या बाजूनेही एक हिशेब राहून गेला आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना असं दिसलं की पॅपमध्ये बिघाड निघालेल्या कृष्णवर्णीय बायकांमध्ये १६ आणि १८ हे प्रकार गोऱ्या बायकांपेक्षा कमी आणि ३५, ६८ यांसारखे इतर प्रकार जास्त होते. त्यातला ३५ नंबर विशेष नोंद घेण्यासारखा. जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत त्याचा वाटा दोनच टक्क्यांच्या आसपास. पण सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत तो दहा टक्क्यांच्या घरात जातो. २००६ मध्ये अमेरिकेत आलेली पहिली लस ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर होती. २०१४ च्या अखेरीस मंजूर झालेल्या लसीत आणखी ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८ आले. ३५ नाही. कोणी मुद्दाम वगळला असं नव्हे. जगाच्या सरासरीने प्रकार निवडले की असं होतं. याचा अर्थ लस कृष्णवर्णीय मुलींना निरुपयोगी आहे असा बिलकुल नाही. त्यांच्यातही बहुतेक कर्करोग लसीत असलेल्या प्रकारांमुळेच होतात आणि ती घेतलीच पाहिजे. फक्त लस घेतलेल्यांनाही तपासणी सोडून चालणार नाही. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक ही लस ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. भारतात १६ आणि १८ यांचा वाटा मोठा असल्याने आपल्यासाठी तो हिशेब बरा बसतो.

तपासणीची पद्धत आता बदलते आहे. काचपट्टीवरच्या पेशी डोळ्याने बघण्याऐवजी थेट विषाणूच शोधणारी चाचणी अमेरिकेत २०१४ मध्ये एकटीच वापरायला मंजूर झाली. तिच्या बाजूने जगभर ज्या पुराव्याचं नाव घेतलं जातं, तो मोठ्या प्रमाणावर मराठवाड्यातला आहे. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवात, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांवर हा अभ्यास केला. २००९ मध्ये निकाल आला: ज्या गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, तिथे आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, ज्या गटाची तपासणी झाली नाही तिथे ६४. तपासणी न देता एक गट ठेवणं योग्य होतं का, यावर अमेरिकेतल्याच एका डॉक्टरांनी जोरदार आक्षेप घेतला, आणि टस्कीगीचा इतिहास माहीत असेल तर तो आक्षेप सहज झटकून टाकता येत नाही.

पण निकालाच्या मागे काय होतं तेही बघावं लागतं. या गावांमध्ये चाचणी करून पत्र पाठवलं आणि विषय संपला, असं झालं नव्हतं. जिची चाचणी पॉझिटिव्ह आली तिला बोलावून कोल्पोस्कोपी केली गेली, बिघाड सापडला तर तो काढला गेला, आणि कर्करोग निघाला तर बार्शीत उपचार झाले.

अमेरिकेत मे २०२४ मध्ये बाईने स्वतःच घेतलेल्या नमुन्यावर, दवाखान्याच्या आवारात, ही चाचणी करायला परवानगी मिळाली. मे २०२५ मध्ये घरी बसून नमुना घ्यायच्या पहिल्या उपकरणालाही मिळाली. स्पेक्युलम नाही, अनोळखी डॉक्टर नाही, पगार बुडवून जाणं नाही. ज्या बायका तपासणीला येतच नाहीत त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. अलाबामाने तर २०२३ मध्ये हा कर्करोग राज्यातून संपवण्याचा आराखडाच जाहीर केला आणि त्यात लस, तपासणी यांच्याबरोबर पाठपुराव्यालाही जागा दिली. मेडिकेडचा विस्तार मात्र त्या राज्याने अजून केलेला नाही. म्हणजे घरी घेतलेला नमुना पॉझिटिव्ह आला, तर कोल्पोस्कोपीसाठी गाडी अजूनही शेजाऱ्याकडूनच मागावी लागणार आहे.